हल्ली सगळंच खटकतं

डोक्यावर चढवायच्या त्या पट्टीचं कागदोपत्री नाव ‘सजग’ होतं, पण कराडच्या गगनवाहिनी रक्तकेंद्रात त्या नावानं तिला कुणी कधी हाक मारली नाही. आली त्याच आठवड्यात तिचं बारसं झालं आणि नाव ठेवलं सासू. आपण चुकलोय हे आपल्याला कळायच्या आत हिला कळतं, मग दुसरं काय नाव ठेवणार?

केंद्रप्रमुख तृप्ती भोईटे हिच्या कानावर हे नाव गेलं तेव्हा तिला हसू आलं. माणसं पट्टी डोक्यावर चढवून बसायला तयार झाली होती, एवढंच तिला पुष्कळ होतं, त्यामुळे नाव तसंच राहिलं. खुद्द तृप्तीला तर पट्टीचं वेडच लागलं होतं. पदार्थविज्ञान शिकलेली ही बाई नशिबानं व्यवस्थापनात येऊन पडली होती, आणि इतकी वर्षं माणसांच्या रजा नि पाळ्या लावण्यात घालवल्यावर पहिल्यांदाच तिच्या हाताशी एक खरंखुरं यंत्र आलं होतं.

केंद्राचं काम सांगायला सोपं होतं. डोंगरातली छोटी रुग्णालयं फोन करत. टेबलावरचा माणूस रक्तगट, पिशव्या आणि ठिकाण संगणकात घाली, की गच्चीवरून ड्रोन सुटे. घाटरस्त्यानं दोन-अडीच तास लागायचे तिथं ड्रोन वीस-पंचवीस मिनिटांत पोचायचं. ड्रोन सहसा चुकत नसत. चुकायची ती टेबलावरची माणसं. ‘ए’च्या जागी ‘बी’ पडायचं, एका वाडीचं रक्त त्याच नावाच्या दुसऱ्या वाडीला जायचं, आणि आपल्याकडे एकाच नावाच्या वाड्यांना तर काही तोटाच नाही.

सासू पकडायची ती एक लाट. आपलं बोट चुकीच्या कळीवर पडलं, की सेकंदाचा दहावा भाग उलटायच्या आत कपाळामागे, मेंदूच्या दोन अर्धांमधल्या बेचक्यात विजेची एक बारीकशी लाट उठते. ‘अरेच्चा, चुकलं’ हे शब्द मनात यायच्याही आधी. शास्त्रज्ञांना ती पन्नासेक वर्षांपासून माहीत होती, पण इतकी क्षीण, की डोक्याला चिकट मलम लावून तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करावा आणि सरासरी काढावी, तेव्हा कुठं ती दिसायची. नव्या पट्टीतल्या संवेदकांनी ती एका फटक्यात पकडली. शिवाय बोटच चुकायला हवं असंही नाही. एका गोष्टीचे दोन अर्थ डोक्यात भांडायला लागले, तरी तशीच लाट उठते. ती ठरावीक उंचीच्या वर गेली की पट्टी कानामागं हलकेच थरथरायची. म्हणजे थांब, एकदा नीट बघ.

वर्षभरात केंद्रातल्या चुका निम्म्यावर आल्या. टेबलावरचा ऋतुराज थोरवे म्हणायचा, “मॅडम, मी लग्नाआधीच सासरी नांदतोय.” सगळ्यांत अनुभवी होती ती सुवर्णा लोहार. तिनं तर पट्टी डोक्यावर आहे हे विसरून घरी नेली होती आणि नवऱ्यानं विचारल्यावर ओशाळून परत आणली होती. तृप्ती आणि सुवर्णा जेवणाच्या सुट्टीत एकत्र डबा खायच्या. तृप्तीला सुवर्णाच्या हातची ज्वारीची भाकरी आवडायची आणि सुवर्णाला तृप्तीकडून असल्या लाटाबिटांच्या गोष्टी ऐकायला.

मग पुण्याच्या मुख्यालयातून नियम आला. पट्टीच्या सगळ्या लाटा आता पुण्याला जाणार होत्या. चूक झाली आणि लाट उठलीच नाही, तर ते ‘अनवधान’. त्याला माफी. लाट उठली आणि माणसानं ‘शंका’ची कळ दाबून रुग्णालयाला उलट फोन केला, तर उत्तम. लाट उठली आणि तरीही माणूस गप्प राहिला, तर ती ‘लपवणूक’. त्याची नोकरी जाईल आणि नाव सामायिक यादीत चढेल, म्हणजे पुन्हा कुठल्याच रक्तपेढीत किंवा दवाखान्यात त्याला कुणी उभं करणार नाही.

तृप्तीला हे पटलं. पटण्यासारखंच होतं. तिच्या आधीचे प्रमुख आपल्या गावच्या पोराची चूक पोटात घालायचे आणि परक्याची चव्हाट्यावर आणायचे, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आता साक्ष मेंदूच देणार होता. वशिला नको, रडारड नको. आपला हात कुणाकडे झुकू नये म्हणून तिनं सुवर्णाबरोबर डबा खाणं बंद केलं आणि ऑफिसात तिला ‘तू’ऐवजी ‘तुम्ही’ म्हणायला लागली. सुवर्णानं कारण विचारलं नाही. ती खिडकीशी एकटी बसून जेवायला लागली.

शंकांचीही महिन्याला मोजदाद व्हायची, कारण प्रत्येक उलट फोनमागं रक्त दोन मिनिटं उशिरा निघायचं. सुवर्णाच्या शंका सगळ्यांत जास्त निघाल्या. तृप्तीनं तिला बोलावून समजावलं, “तुम्ही इतकं घोळत बसू नका. संगणकावर जुळतंय ना, मग पुढं जा. जरा आत्मविश्वास ठेवा.” सुवर्णा मान हलवून गेली.

ज्या दिवशी ते झालं त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि कामाचाही रेटा नव्हता. सकाळी घेरेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयातून सिस्टर वनमाला गुजर यांचा फोन आला, तो सुवर्णानं घेतला. तिनं संगणकात काही पाहिलं, नोंद केली आणि फोन ठेवला. दुपारी सिस्टरांचा दुसरा फोन आला तेव्हा त्या अक्षरशः ओरडत होत्या. अजून ड्रोन का आलं नाही, बाई हातची जातेय. ड्रोन लगोलग सुटलं, पण सकाळपासूनचा वेळ गेला तो गेलाच. मोहिनी शेलार नावाची चोवीस वर्षांची बाळंतीण कशीबशी वाचली. तिची गर्भपिशवी मात्र काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून अहवाल आला. सकाळच्या फोनच्या वेळी सुवर्णा लोहारच्या डोक्यात लाट उठली होती, चांगली ठसठशीत. पट्टी थरथरली होती. सुवर्णानं ‘शंका’ची कळ न दाबता ‘बरोबर’ची दाबली होती. अहवालाखाली एकच शब्द होता, लपवणूक. निर्णयावर केंद्रप्रमुखाची संमती हवी होती.

तृप्तीनं सुवर्णाला खोलीत बोलावलं. ती खुर्चीच्या कडेवर बसली. तिचे डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता.

“पट्टी वाजली होती?”

“वाजली होती मॅडम. खोटं कशाला बोलू?”

“मग?”

“मी परत बघितलं. जुळत होतं. म्हणून सोडून दिलं.”

“म्हणजे तुम्हाला काहीतरी चुकतंय असं वाटलं होतं.”

 सुवर्णा म्हणाली, “काहीतरी खटकलं होतं खरं. पण हल्ली सगळंच खटकतं मॅडम. घरी आमटीत मीठ टाकलं तरी खटकतं, टाकलं का नाही टाकलं. कशा-कशासाठी थांबायचं माणसानं? आणि थांबलं की शंका वाढतात. तुम्हीच म्हणाला होता, घोळत बसू नका.”

 हे वाक्य आपलंच आहे हे तिला ऐकताक्षणी ओळखू आलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. पण लाज वाटून निर्णय होत नसतो. सुवर्णाला घरी पाठवून तिनं त्या सकाळच्या फोनचा आवाज लावला.

“हॅलो, घेरेवाडीतनं बोलतेय. परवाच्या बाईला बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या लागतील बघा. ठेवते, इकडं गडबड आहे.”

बस, एवढंच. तृप्तीनं ते पुन्हा ऐकलं. परवाच्या बाईला लागतील. तिनं संगणकात घेरेवाडीची यादी काढली. फोनच्या दिवसापासून मोजलं तर परवा, म्हणजे दोन दिवसांनी, तिथं एका बाईचं सिझर ठरलेलं होतं. रक्तगट बी पॉझिटिव्ह, पिशव्या दोन. सुवर्णानं त्या पिशव्या त्या दिवसासाठी राखून ठेवल्या होत्या. तृप्तीनंही तेच केलं असतं.

तिनं सिस्टर गुजरांना फोन लावला. सिस्टर आधी तापल्याच. “अहो, मी स्पष्ट सांगितलं होतं, परवाची बाई म्हणून. फोनच्या दोन दिवस आधी नाही का तुम्ही तिच्यासाठी एक पिशवी पाठवलीत? तेव्हाच बाळंत झाली ती. फोनच्या दिवशी सकाळी परत अंगावरनं जायला लागलं, म्हटलं आता दोन लागतील.”

“सिस्टर, आमच्याकडं परवाच्या सिझरची एक बाई होती. तिलाही बी पॉझिटिव्हच्या दोनच पिशव्या.”

 सिस्टर हळू आवाजात म्हणाल्या, “अगं बाई. ती परवाची.”

जगात अशा कितीतरी भाषा असतील, ज्यांत होऊन गेलेला दिवस आणि यायचा दिवस यांना दोन वेगळे शब्द आहेत. आपण मात्र दोघांना एकाच खुंटीला टांगून ठेवलंय आणि ‘लागतील’, ‘लागल्या’ अशा क्रियापदांवर भिस्त ठेवून पिढ्यान् पिढ्या सुखानं जगतोय. सिस्टरांचं क्रियापद पुढचं होतं, बाई मागची होती. सिस्टर आणि सुवर्णा, दोघीही बरोबर होत्या. मराठीला निलंबित करायची सोय नियमात नव्हती.

पण एवढ्यानं सुवर्णा सुटत नव्हती, आणि तृप्तीचं खरं कुतूहल इथंच चाळवलं. शब्द फसवा होता हे कबूल. पण लाट उठली होती. म्हणजे सुवर्णाच्या मेंदूच्या कुठल्यातरी कोपऱ्यानं सिस्टरांच्या आवाजातली घाई ऐकली होती आणि परवाच्या ठरलेल्या सिझरला एवढी घाई कशाला, हा हिशेब मांडला होता. तिला स्वतःला तो कळला नव्हता. मग ‘तिला माहीत होतं’ असं म्हणायचं की नाही? मेंदूला माहीत आणि माणसाला नाही, अशा वेळी गुन्हेगार कोण?

तिनं सुवर्णाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या लाटा काढल्या. पट्टी आली तेव्हा सुवर्णाच्या लाटा बुटक्या होत्या, आणि फक्त चूक झाली तिथंच उठलेल्या होत्या. मग एका तारखेपासून त्या वाढायला लागल्या. आधी थोड्या, मग दुपटीनं. आता तर बरोबर नोंद केली तरी लाट उठत होती. ‘कराड’ हे स्वतःच्या गावाचं नाव लिहितानासुद्धा. ती तारीख तृप्तीला शोधावी लागली नाही. पुण्याचा नियम त्याच दिवशी लागू झाला होता.

तिनं इतरांच्याही लाटा काढल्या. जवळजवळ सगळ्यांची हीच कथा. मग तिनं जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या माणसांना खोट्या मागण्या देऊन एक प्रयोग केला. अर्ध्या मागण्यांच्या वेळी सांगितलं, हे कुठंही जाणार नाही. उरलेल्या अर्ध्यांच्या वेळी सांगितलं, हे पुण्याला जाणार. चुका दोन्हीकडे जवळपास तेवढ्याच झाल्या. लाटा मात्र पुण्याचं नाव काढल्याबरोबर उंच झाल्या. शिक्षेचं भय घातलं की ही लाट वाढते, हे संशोधनात जुनंच होतं. पट्टी विकणाऱ्यांनी ते माहितीपत्रकाच्या शेवटी, बारीक अक्षरात छापलंही होतं. वाचलं कुणी नव्हतं, तृप्तीनंसुद्धा नाही.

एकाच माणसाच्या लाटा मुळीच वाढल्या नव्हत्या. ऋतुराजच्या. त्याच्या चुका खरं तर सुवर्णापेक्षा जास्त होत्या, पण प्रत्येकीपुढं ‘अनवधान’ असा शिक्का होता. पुण्यानं त्याला मागच्या महिन्यात प्रशस्तिपत्रही दिलं होतं.

“ऋतुराज, तुम्हाला भीती वाटत नाही का?” तिनं विचारलं.

“कशाची मॅडम? चुकलं तर सासू सांगेल. नाही सांगितलं तर अनवधान. मी दोन्हीकडनं सुटलोच की.” तो प्रामाणिकपणे म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. त्यानं जे पाहिलं ते शिकला होता.

त्या संध्याकाळी तृप्ती घरी गेली ती डोक्यात हेच घेऊन. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण म्हणतो. इथं चोर कुणीच नव्हता, पण संन्याशासाठी फाशी तयार होती. ज्याला कामाची काळजी, त्याची लाट उंच. ज्याची लाट उंच, तो दोषी. ज्याला कशाचंच काही नाही, तो निर्दोष. यंत्र लबाडी मोजत नव्हतं, ते पर्वा मोजत होतं. परवा आणि पर्वा यांत फरक तो केवढा, एका रफाराचा. तिला वाटलं, हे पुण्याला नुसतं दाखवलं तरी पुरे. आकडे समोर ठेवले की शहाणा माणूस ऐकतो, अशी तिची समजूत होती.

मुख्यालयाचे संचालक अभय रिसबूड स्वतः कराडला आले. उंच, नीटनेटके, बोलायला मऊ. त्यांनी तृप्तीचे सगळे आलेख शांतपणे पाहिले.

“हुशारीचं काम आहे,” ते म्हणाले. “पण भोईटे, माझ्याकडे अशी शंभरावर टेबलं आहेत. मी कुणाकुणाच्या मनात डोकावू? पट्टी नव्हती तेव्हा काय होतं, आठवतंय ना? साहेबाच्या मर्जीतला माणूस चुकला तर हवामान खराब, आणि मर्जीतून उतरलेला चुकला तर निष्काळजीपणा. ही पट्टी निदान जातपात बघत नाही, गाव बघत नाही.”

हे खोटं नव्हतं, म्हणूनच तृप्तीला ते बोचलं. ती म्हणाली, “पण ती भीती बघते सर. पाहिजे तर तुम्ही घालून बघा.”

रिसबुडांनी हसत पट्टी चढवली. तृप्तीनं त्यांच्यापुढं खोट्या मागण्या ठेवल्या, आणि मध्येच सांगितलं की आता पुढचे आकडे संचालक मंडळाला जातील. पडद्यावर तिची नजर खिळली होती. लाट उठली नाही. ते दोनदा चुकले, तरी रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ राहिली.

“बघा,” रिसबूड पट्टी काढत म्हणाले. “मला तर काही झालं नाही.”

तृप्तीचा चेहरा पडला. मग तिच्या ध्यानात आलं, होणार तरी कसं? त्यांचं चुकलं तर त्यांना विचारणारं होतं कोण? पण हे तोंडावर बोलायची सोय नव्हती, आणि बोलून ते सिद्धही होत नव्हतं. तिचा सगळा प्रयोग त्या एका सरळ रेघेनं पाण्यात गेला.

“आता तुम्ही घाला,” रिसबूड म्हणाले. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती. “पुढच्या वर्षी ही पट्टी व्यवस्थापकांनाही देणार आहोत, निर्णय घेताना. तुमच्यापुढं दोन कळी आहेत, ‘लपवणूक’ आणि ‘अनवधान’. जी चुकीची असेल तिथं तुमचाच मेंदू तुम्हाला सांगेल. मी मध्ये पडत नाही. अनवधान म्हणालात तर तेही मी मान्य करीन.”

तृप्तीनं पट्टी घातली. खरं सांगायचं तर तिला मोह झाला. इतके दिवस झोप उडवणारा प्रश्न सेकंदाच्या दहाव्या भागात सुटणार असेल, तर कुणाला नको आहे? आणि तिला ते जाणून घ्यायचंही होतं, अगदी मनापासून. आपल्या आत खरंच कुणी बसलंय का, ज्याला उत्तर आधीच माहीत आहे?

तिनं ‘लपवणूक’ची कळ दाबली. कानामागं थरथर झाली. तिला हायसं वाटलं. म्हणजे सुवर्णा सुटली. तिनं ती कळ रद्द करून ‘अनवधान’ची दाबली.

पुन्हा थरथर झाली.

रिसबूड पडद्याकडे वाकले. “यातली उंच कुठली आहे?”

दोन्ही सारख्याच होत्या. तृप्ती त्या दोन लाटांकडे बघत राहिली आणि तिला समजलं की यंत्र अगदी बरोबर सांगतंय. ‘लपवणूक’ खोटं होतं, कारण सुवर्णानं काही लपवलं नव्हतं. पण ‘अनवधान’ही खोटंच होतं. सुवर्णाचं अवधान होतं, म्हणून तर ती घुटमळली होती. बेसावध म्हणून तिला माफ करणं म्हणजे तिच्यातलं चांगलं तेच पुसून टाकणं. आणि एका बाईची कूस गेली, त्यावर ‘नकळत झालं’ असं लिहून आपण मोकळं व्हायचं, हे तर त्याहून वाईट. आत बसलेल्याला कुठलं उत्तर चूक एवढंच कळत होतं. बरोबर उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते तृप्तीलाच काढायचं होतं.

तिनं पट्टी डोक्यावरून उतरवली आणि टेबलावर ठेवली. खाली शेऱ्याची एक रिकामी जागा होती, जिथं सहसा कुणी काही लिहीत नसे. तिथं तिनं लिहायला घेतलं. लाट उठली होती. सुवर्णा लोहार यांनी उलट फोन केला नाही, आणि त्यांनी तो करायला हवा होता. त्यांनी तो केला नाही, कारण असे फोन करत बसू नका असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या कामावर राहतील. आजपासून या केंद्रात शंका मोजल्या जाणार नाहीत आणि इथल्या लाटा पुण्याला जाणार नाहीत. पट्टी जिच्या डोक्यावर, थरथर तिच्यासाठी. 

रिसबुडांनी ते दोनदा वाचलं. “लाटा न पाठवणारं केंद्र मला चालवता येणार नाही, हे तुम्हाला कळतंय ना? या महिन्यात मंडळाची बैठक आहे. तुमची खुर्ची राहील असं मी सांगू शकत नाही.”

“कळतंय सर.”

“आणि हा निर्णय चुकला तर?”

“तर माझा चुकला म्हणायचा. यंत्राचा नाही.”

 जाताना रिसबुडांनी दारात थांबून नमस्कार केला, जरा औपचारिकच.

तृप्तीनं सुवर्णाला आत बोलावून निर्णय सांगितला. ती आनंदेल, निदान रडेल अशी तिची कल्पना होती. सुवर्णानं नुसतं ऐकून घेतलं.

“मॅडम, त्या बाईला कुणी सांगितलं का?”

“काय?”

“काय झालं होतं ते. त्या मोहिनी शेलारला.”

 मुख्यालयातून मोहिनीच्या नवऱ्याला फोन गेला होता. डोंगरातल्या वाऱ्यामुळे ड्रोनला उशीर झाला, असं त्याला सांगण्यात आलं होतं. काय सांगायचं तो मजकूर आधी तृप्तीकडे आला होता आणि तिनं तो नजरेखालून घालून पुढं सोडला होता. इतके दिवस ती लपवणूक या एका शब्दाभोवती फिरत होती, सुवर्णानं केली की नाही, मेंदूनं केली की माणसानं. आणि जी खरोखरची लपवणूक होती ती तिच्या हाताखालून गेली होती. तिला तेव्हा काही खटकलंसुद्धा नव्हतं.

“वारा होता असं सांगितलंय,” ती म्हणाली.

“वारा कुठं होता त्या दिवशी?” सुवर्णा म्हणाली. मग उठून तिनं पदर सारखा केला. “मग मला जायला पाहिजे.”

“थांब,” तृप्ती म्हणाली. “दोघी जाऊ.”

मोहिनीचं घर घेरेवाडीच्या वरच्या अंगाला होतं. रस्ता संपल्यावर थोडं चढून जावं लागलं. वाटेत तृप्तीनं काय बोलायचं ते मनाशी जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. आपली खुर्ची जाणार हे तिला कळून चुकलं होतं, पण या घडीला तिला भीती वाटत होती ती समोरच्या उघड्या दाराची. सुवर्णा तिच्या पुढं चालत होती.

अंगणात मोहिनी बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती. चेहरा ओढलेला, तरी डोळे तरतरीत. अनोळखी बायका बघून तिनं बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं.

“या. कोण तुम्ही?”

तृप्तीनं बोलायला तोंड उघडलं. “आम्ही रक्तकेंद्रातून आलोय. त्या दिवशी आमच्याकडून जी काही प्रक्रिया...”

सुवर्णानं तिच्या दंडावर हात ठेवला आणि ती थांबली.

“मी सुवर्णा लोहार,” सुवर्णा म्हणाली. “त्या दिवशी वारा नव्हता. सिस्टरांचा फोन मी उचलला होता.”

 मोहिनी बाळाला मांडीवर घेऊन ओट्यावर बसली.

“सांगा,” म्हणाली.